रक्ताला रिॲक्शन आली, तर कागद कोणी तपासायचे?

रक्ताची पिशवी लावली आणि थोड्याच वेळात पेशंटला हुडहुडी भरली, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. नातेवाईक म्हणतात, "चुकीचं रक्त चढवलं." आणि सकाळी राउंडला आलेले मोठे डॉक्टर विचारतात, "रात्री ड्यूटीवर कोण होतं?" दोघांनाही तोपर्यंत काहीच माहीत नसतं. खरं काय झालं ते कळतं कागदांवरून, नळीवरच्या चिठ्ठीवरून आणि पिशवीवरच्या नंबरावरून. हे सगळं कोणी तपासायचं, कोणत्या क्रमाने तपासायचं आणि त्यात आपण घरच्यांनी काय करायचं, हे या वेळी सांगते. विषय दवाखान्याच्या आतला वाटेल. पण आपल्याकडे रक्ताचा नमुना घेऊन रक्तपेढीकडे धावतो तो पेशंटचा भाऊ किंवा मुलगा, आणि पिशवी मोटारसायकलवर मांडीवर धरून आणतो तोही तोच. म्हणजे या कामातला एक माणूस आपल्याच घरातला असतो, फक्त त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं.

आधी माझ्यावर आलेली गोष्ट सांगते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

मी तेव्हा बायकांच्या वॉर्डात नाइटला होते. चाळीस खाटा, शिवाय खाली टाकलेल्या गाद्या वेगळ्या, आणि आम्ही दोघी सिस्टर. त्या आठवड्यात वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका होत्या. नवऱ्याचं नावही एकच, फरक फक्त आडनावाचा. एकीला अंगावरून फार जात होतं म्हणून रक्त हवं होतं. दुसरीचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, म्हणून तिच्यासाठी एक पिशवी तयार ठेवायला सांगितली होती. संध्याकाळी इंटर्न डॉक्टरने दोघींचे नमुने घेतले. रात्री पहिल्या बाईची पिशवी आली. मी आणि माझ्या जोडीदारणीने खाटेजवळ उभं राहून सगळं वाचलं. पिशवीवर बी पॉझिटिव्ह, क्रॉसमॅचच्या कागदावर बी पॉझिटिव्ह, नाव, आडनाव, केसपेपरचा नंबर, पिशवीचा नंबर, सगळं जुळलं. पिशवी लावली. दहा मिनिटांत बाई म्हणाली, "सिस्टर, कंबर तुटतेय हो." मग हुडहुडी, धाप, जीव घाबरा. मी रक्त बंद केलं, नवा सेट लावून साधं सलाईन सुरू केलं, डॉक्टरांना उठवलं. पहाटे तिला लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी काळपट लाल.

सकाळी ओव्हर द्यायच्या आधीच माझ्या हातात मेमो पडला. चुकीचं रक्त लावल्याबद्दल खुलासा करा.

दुपारी रक्तपेढीचा कागद आला. तिथल्या टेक्निशियनने संध्याकाळचा, फ्रीजमध्ये राखून ठेवलेला नमुना काढून पुन्हा तपासला होता. गट बी. रिॲक्शननंतर मी पाठवलेला नमुना तपासला. गट ओ. दोन्ही नळ्यांवर नाव एकाच बाईचं. माणसाचा रक्तगट संध्याकाळी बी आणि पहाटे ओ असा होत नाही. म्हणजे संध्याकाळच्या नळीत रक्तच दुसऱ्या बाईचं होतं. इंटर्नने दोघींचं रक्त पाठोपाठ काढलं, दोन्ही नळ्या एका ट्रेमध्ये ठेवल्या आणि चिठ्ठ्या नंतर टेबलाशी जाऊन चिकटवल्या. पिशवी कागदाप्रमाणे बरोबर, कागद नळीप्रमाणे बरोबर, माझी खाटेजवळची तपासणीही बरोबर, आणि रक्त मात्र चुकीचं.

त्या टेक्निशियनचं मला आजही कौतुक वाटतं. नळ्यांची अदलाबदल झाली हे लक्षात येताच त्याने पहिला फोन केला तो दुसऱ्या बाईसाठी. एकीची नळी चुकली असेल तर दुसरीचीही चुकलेलीच असणार. तिच्या नावाची पिशवी रक्तपेढीतच होती, ती थांबवली आणि तिचा नवा नमुना घ्यायला सांगितलं. चौकशी म्हणजे नुसतं दोषी शोधणं नव्हे. अजून कोणाला धोका आहे का, हे आधी बघायचं असतं. हे कामाच्या धांदलीत भल्याभल्यांना सुचत नाही.

पहिली बाई वाचली. तिला डायलिसिस लागलं, तीन आठवडे काढले तिने. बोलायला लागल्यावर म्हणाली, "माझा गट ओ आहे की. बाळंतपणात कार्डावर लिहून दिला होता." कार्ड घरी पेटीत होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं विचारलं, हे इथे लिहून ठेवते. माझा मेमो कधी लेखी परत घेतला गेला नाही, "राहू द्या आता" एवढंच तोंडी सांगितलं. तो इंटर्न आदल्या दिवशीच्या सकाळपासून उभा होता. माझ्या हातातला मेमो काढून त्याच्या हातात दिला असता तरी पुढच्या आठवड्यात तीच चूक तिसऱ्या कोणाकडून झाली असती.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्त चढवताना झालेल्या चुका आणि रिॲक्शन यांची देशभराची नोंद ठेवतात. त्यातून वर्षानुवर्षं हेच पुढे येतं की मोठा भाग माणसाच्या हातून झालेल्या चुकांचा असतो, आणि त्यातही नमुना दुसऱ्याचा, पिशवी दुसऱ्याची, अशा ओळखीच्या चुका पुन्हा पुन्हा भेटतात. गट तपासण्याची रीत पक्की आहे. घोळ होतो तो माणूस, नळी आणि कागद एकमेकांना जोडताना.

सगळ्याच रिॲक्शन चुकीच्या रक्ताच्या नसतात

हे नीट समजून घ्या, कारण इथेच भांडणं होतात. रक्त बरोबर गटाचं असतानाही काहींना ताप येतो, थंडी वाजते. काहींच्या अंगावर गांधी उठतात, खाज सुटते. या दोन तऱ्हा सगळ्यांत जास्त दिसतात आणि बहुतेक वेळा औषधाने आवरतात. म्हाताऱ्या माणसाला किंवा फार दिवस रक्त कमी असलेल्या बाईला भराभर रक्त दिलं तर शरीराला तो भार झेपत नाही, धाप लागते. क्वचित पिशवीतच जंतू वाढलेले असतात, मग जोराचा ताप येऊन रक्तदाब कोसळतो. आणि गट चुकला असेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडावर घाव बसतो. एबीओ गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली जगापुढे मांडले, त्याला सव्वाशे वर्षं होत आली, तरी चुकीच्या गटाचं रक्त आजही माणूस मारू शकतं, आणि त्यासाठी अख्खी पिशवी जावी लागत नाही. सुरुवातीचं थोडं रक्तही पुरतं. म्हणून पहिली पंधरा मिनिटं सिस्टरने पेशंटजवळ थांबायचं असतं.

अडचण अशी की सुरुवातीला ही सगळी सोंगं सारखीच दिसतात. साधा ताप आणि जीवघेणी चूक, दोन्हींची सुरुवात थंडीनेच होऊ शकते. त्यामुळे "किरकोळ आहे, होतं असं" म्हणून पुढे रक्त चालू ठेवणं धोक्याचं, आणि "मारलं आमच्या माणसाला" म्हणून आरडाओरडा करणंही चूक. आधी रक्त थांबवायचं, मग कागद तपासायचे, मग बोलायचं.

वॉर्डात काय तपासायचं, आणि कोणी

रक्त थांबवायचं काम ज्याने पहिल्यांदा बघितलं त्याचं. त्यासाठी डॉक्टरच्या ऑर्डरची वाट बघायची नसते. शिरेतली सुई काढायची नाही, कारण पुढे औषधं द्यायला तीच वाट लागते. सेट बदलून साधं सलाईन चालू करायचं. नाडी, रक्तदाब, ताप, श्वास बघून वेळेसह लिहायचं.

आणि मग लगेच, तिथेच खाटेजवळ, पहिली कागद-तपासणी. टेबलावर बसून नाही. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्याच तोंडून पूर्ण नाव वदवून घ्यायचं. "तुम्ही अमक्या ना?" असं विचारलं की घाबरलेला माणूस हो म्हणतो, म्हणून "तुमचं नाव सांगा" असं विचारायचं. हातावरची पट्टी, केसपेपर, क्रॉसमॅचचा कागद आणि पिशवीवरचं लेबल या चारही ठिकाणी नाव, नंबर, गट आणि पिशवीचा क्रमांक एकच आहे का, ते एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून बघायचं. पिशवीची मुदत बघायची. लेबलच्या रंगाचीही एक मदत होते. आपल्या देशात ओ गटाचं लेबल निळं, ए चं पिवळं, बी चं गुलाबी आणि एबी चं पांढरं असावं असा नियम आहे. पण नुसता रंग बघून पिशवी लावायची नाही, अक्षर वाचायचंच.

इथे माझं एक ठाम मत आहे. रक्त लावताना ज्या दोघींनी तपासलं, त्यांनीच रिॲक्शननंतर पुन्हा तपासलं तर डोळा तीच चूक दुसऱ्यांदा बघूनही पुढे जातो. आपण बरोबरच केलंय असं मन सांगत असतं. म्हणून निदान एक माणूस नवा हवा. शेजारच्या वॉर्डातली सिस्टर चालेल, ड्यूटीवरचे डॉक्टर तर उत्तमच. रात्री दोनच सिस्टर असतात हे मला माहीत आहे, मी त्याच वॉर्डात उभी राहिलेय. तरीही फोन करून एकाला बोलवायला दोन मिनिटं लागतात.

डॉक्टरांचं काम पेशंटवर उपचार आणि रिॲक्शनचा फॉर्म भरणं. हा फॉर्म सिस्टरला भरायला सांगून डॉक्टरने खाली सही ठोकायची, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. तसं नको. कोणती लक्षणं किती वाजता आली, किती रक्त गेलं होतं, हे सिस्टर सांगेल, पण ही रिॲक्शन कोणत्या प्रकारची वाटते याचा अंदाज डॉक्टरने स्वतः लिहायचा.

मग रक्तपेढीला फोन, आणि सोबत चार गोष्टी पाठवायच्या: उरलेल्या रक्तासह पिशवी आणि तिचा सेट, दुसऱ्या हातातून घेतलेले रक्ताचे ताजे नमुने, लघवीचा नमुना आणि भरलेला फॉर्म. या चारांत पिशवीच सगळ्यांत आधी गायब होते. मावशी पहाटे झाडलोट करते आणि पिवळ्या पिशवीत टाकून मोकळी होते, कारण वापरलेल्या रक्ताच्या पिशव्या पिवळ्या पिशवीतच टाकायला तिला शिकवलेलं असतं. तिची काय चूक? रिॲक्शन आलेली पिशवी बाजूला काढून तिच्यावर चिठ्ठी लावायचं काम सिस्टरचं. पिशवी गेली तर जंतू होते का हे कधीच कळत नाही, आणि मग तपासाच्या कागदावर "निष्कर्ष काढता आला नाही" असं येतं. ते वाचून प्रत्येकाला वाटतं की काहीतरी दडवलं.

रक्तपेढीत काय तपासायचं

सरकारी नियमांत २०२० पासून रक्तपेढीऐवजी रक्तकेंद्र हा शब्द आला आहे, पण माणसं रक्तपेढीच म्हणतात, मीही तसंच लिहिते.

तिथेही पहिलं काम कागदांचंच, यंत्राचं नंतर. रक्ताची मागणी केलेला फॉर्म, नळीवरची चिठ्ठी, क्रॉसमॅचच्या रजिस्टरातली ओळ, पिशवी देताना केलेली नोंद, या सगळ्यांत नाव आणि नंबर एकच आहेत का? त्याच वेळेस त्या पेढीतून आणखी कोणाच्या पिशव्या बाहेर गेल्या? त्यात कुठे अदलाबदल झाली का? मग डोळ्यांनी बघायचं. ताजा नमुना थोडा वेळ ठेवला किंवा यंत्रात फिरवला की वर जो पिवळसर द्रव येतो तो लाल दिसतोय का? दिसत असेल तर पेशी फुटल्या असाव्यात. पुढे रिॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने आणि पिशवीतलं रक्त, तिघांचे गट पुन्हा, क्रॉसमॅच पुन्हा, आणि कूम्ब्सची तपासणी. पेशंटच्या तांबड्या पेशींना प्रतिद्रव्यं चिकटली आहेत का, ते या तपासणीत कळतं. जंतूंचा संशय असेल तर पिशवीतल्या रक्ताचं कल्चर.

हे जमतं ते एका साध्या नियमामुळे. रक्तपेढीने पेशंटचा आणि रक्तदात्याचा नमुना रक्त दिल्यानंतर किमान ७ दिवस राखून ठेवायचा असतो. माझ्या गोष्टीत खरं काय ते ज्या नळीने सांगितलं, ती याच नियमामुळे फ्रीजमध्ये होती. तुम्हाला काही शंका असेल तर सात दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या आणि त्यात "राखून ठेवलेले नमुने टाकून देऊ नयेत" एवढी ओळ लिहा. महिन्याभराने वकिलाकडे जाल तर रजिस्टर मिळेल, कारण ती ५ वर्षं ठेवायची असतात, पण नळी मिळणार नाही.

ज्या टेक्निशियनने पहिल्यांदा क्रॉसमॅच केलं त्याने सोडून दुसऱ्याने ही फेरतपासणी करावी, हे मी वॉर्डासाठी सांगितलं तसंच इथेही. शेवटचा निष्कर्ष रक्तपेढीच्या मेडिकल ऑफिसरने सही करून द्यायचा. तो टेक्निशियनवर ढकलायचा नाही.

रक्तपेढीची आणखी एक जबाबदारी आहे, जी वॉर्डात कोणाला दिसत नाही. आपण एकदा रक्त दिलं की त्यातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे वेगवेगळे भाग करून वेगवेगळ्या पेशंटना देतात. एका पिशवीत जंतू सापडले तर त्याच रक्तदात्याचे बाकीचे भाग कुठे गेले ते रजिस्टरवरून शोधून थांबवावे लागतात. १४ एप्रिलला आपल्या विहारांत, चौकाचौकांत रक्तदान शिबिरं होतात. तिथे फॉर्म भरताना "ताप आला होता का, दात काढला का, औषध चालू आहे का" हे प्रश्न गर्दीत उरकू नका. आणि रक्त दिल्यावर दोन दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला फोन करा. तुमच्या पिशवीचा नंबर त्यांच्याकडे असतो.

सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही

मोठ्या दवाखान्यांत यासाठी समिती असते. डॉक्टर, रक्तपेढीचे अधिकारी, नर्सिंगच्या कोणी वरिष्ठ. रिॲक्शनची प्रकरणं त्यांच्यापुढे यायला हवीत. देशपातळीवरही २०१२ च्या डिसेंबरपासून हिमोव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रम चालतो. नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था तो चालवते. दवाखान्यांनी आणि रक्तपेढ्यांनी तिथे रिॲक्शनची माहिती कळवायची, ती शिक्षेसाठी नव्हे, पुढची चूक टाळण्यासाठी. कळवणाऱ्याला मेमो मिळणार असेल तर कोण कळवेल? मग कागदोपत्री रिॲक्शन शून्य. जिथे वर्षभरात एकही रिॲक्शन नोंदलेली नाही आणि रक्त मात्र रोज चढतं, त्या दवाखान्याची मला जास्त भीती वाटते.

अशा बैठकांत मी एक वाक्य फार ऐकलं आहे, "ही सामूहिक जबाबदारी आहे." ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की डॉक्टर धरून चालतात सिस्टर बघेल, सिस्टर धरून चालते रक्तपेढीने बघितलं असेल, रक्तपेढी म्हणते नळीवर जे नाव आलं तेच आम्ही लिहिलं. आणि शेवटी पकडला जातो तो ज्याचा हात पिशवीला शेवटचा लागला. बहुतेक वेळा ती कंत्राटावरची सिस्टर असते, जिला संध्याकाळी कामावरून कमी करता येतं. म्हणून वाटणी हवी ती नावानिशी. नमुना कोणी घेतला, त्याची सही आणि वेळ नळीवर, आणि ती चिठ्ठी खाटेजवळच चिकटवलेली. नळी आणि फॉर्म जुळत नसतील तर टेक्निशियनने नमुना परत पाठवायचा, खाडाखोड करून घ्यायचा नाही, मग समोर कितीही घाई असो. पेशंटचा गट आधी कुठे नोंदलेला नसेल तर वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर गट पक्का करायचा. माझ्या वॉर्डात एवढं एकच केलं असतं तर ती बाई डायलिसिसला गेली नसती.

घरच्यांनी काय करायचं

नमुना तुमच्या हातात दिला, तर दारातून बाहेर पडायच्या आधी नळीवरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला वाचायला सांगा. कोरी नळी घेऊन निघू नका, "तिकडे लिहून घेतील" म्हणाले तरी. दोन पेशंटचे नमुने एकाच माणसाने एका पिशवीत नेऊ नका.

रक्तपेढीत पिशवी घेताना कागदावरचा आणि पिशवीवरचा नंबर, नाव आणि गट जुळवा, मगच सही करा. तिथून थेट दवाखाना. वाटेत चहाला थांबायचं नाही, पिशवी घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही. रक्त थंड आहे म्हणून गरम पाण्यात धरायला सांगणारेही भेटतात. तसं अजिबात करू नका. घरगुती गरम पाण्याने पेशी फुटू शकतात, आणि मग गट बरोबर असूनही लघवी लाल होते. रक्तपेढीच्या थंडाव्यातून बाहेर काढलेली पिशवी साधारण अर्ध्या तासात लागली पाहिजे आणि लावल्यापासून चार तासांत संपली पाहिजे. म्हणून पिशवी आणल्यावर ती टेबलावर पडून राहिली असेल तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा.

रक्त लागल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ बसा. कंबर दुखणं, छातीत दडपण, थंडी, खाज, धाप, "काहीतरी होतंय" असं नुसतं म्हणणं, काहीही असलं तरी सिस्टरला हाक मारा. नळीचं चाक स्वतः फिरवू नका, पण हाक मारायला लाजूही नका. आणि किती वाजता काय झालं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. त्या वेळी दहा माणसं वॉर्डात घुसली तर घाबरलेला स्टाफ पेशंटपेक्षा दाराकडे बघतो, आणि नंतर कागद लपवायला त्यांना निमित्तही मिळतं. एकाने आत थांबावं, बाकीच्यांनी बाहेर.

नंतर कागद मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. अर्जात नुसतं "सगळे कागद द्या" लिहू नका. मागणीचा फॉर्म, क्रॉसमॅचचा कागद, रक्त लावताना केलेली नाडी-रक्तदाबाची नोंद, रिॲक्शनचा फॉर्म आणि रक्तपेढीचा तपास अहवाल, अशी नावं लिहा.

ज्या घरात सिकलसेल आहे

हे मुद्दाम वेगळं लिहिते, कारण विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेलची घरं बरीच आहेत. थॅलेसेमियाच्या मुलांनाही हेच लागू. ज्याला वारंवार रक्त लागतं, त्याच्या शरीरात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. बऱ्याच बाळंतपणांनंतर बायकांतही होतात. ही प्रतिद्रव्यं काही महिन्यांनी इतकी कमी होतात की क्रॉसमॅचमध्ये दिसत नाहीत. पुन्हा तसंच रक्त गेलं की पाच ते दहा दिवसांनी जागी होतात. पोरगं तोवर घरी आलेलं असतं. डोळे पिवळे, लघवी गडद, अंग दुखतं, रक्त पुन्हा खाली. घरचे म्हणतात सिकलचा झटका आला, आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात. अशा वेळी "आठ दिवसांपूर्वी रक्त चढवलं होतं" हे वाक्य तुम्ही सांगायला हवं. इथे चूक कोणाचीच नसेल कदाचित. पण मागच्या पेढीत प्रतिद्रव्य सापडलं होतं ही नोंद या पेढीपर्यंत पोचली नसेल, तर ते पोचवणारं दुसरं कोणी नाही. पेढ्या बदलतात, दवाखाने बदलतात, पेशंटच्या सोबत राहतं ते घर.

त्यासाठी दहा रुपयांची वही पुरे. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि तो कोणत्या पेढीने तपासला ते. पुढे प्रत्येक वेळेची तारीख, दवाखाना, रक्तपेढी, पिशवीचा नंबर, रिॲक्शन आली का आणि कशी आली. कधी "प्रतिद्रव्य सापडलं" किंवा "रक्त जुळायला अडचण" असं सांगितलं तर त्यांच्याच हाताने लिहून, शिक्का मारून घ्या. दुर्मीळ गटाच्या माणसाला तर हे फारच गरजेचं. मुंबईत केईएममध्ये डॉ. भेंडे यांनी १९५२ साली ज्याचा शोध जगापुढे ठेवला तो बॉम्बे गट साध्या तपासणीत ओ सारखाच दिसतो, पण त्या माणसाला ओ चं रक्त चालत नाही. ज्याच्या घरात तो निघाला त्याच्या सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं.

वही पेटीत ठेवू नका. दवाखान्याच्या पिशवीत, आधार कार्डासोबत ठेवा, आणि बाळंतपणाचं जुनं कार्डही त्यातच घाला.